काठी आणि बंदूक
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



फासे म्हटलं की आपल्याला आधी शकुनीमामा आठवतो, मग सारीपाट, आणि फार तर सापशिडी. मी आष्टीला बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं. संभाव्यतेचा धडा आला की खिशात फासा टाकून वर्गात जायचो. त्यामुळे फाशाला सहाच बाजू असतात, ही माझी पक्की समजूत. ती एका दिवाळीच्या सुट्टीत मोडली.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा पुतण्या तीन मित्र-मैत्रिणींना घेऊन घरी आला होता. फराळ झाल्यावर त्यांनी एक कापडी पिशवी सतरंजीवर उपडी केली. त्यातून चार पैलूंचा फासा निघाला, आठ पैलूंचा निघाला, बारा पैलूंचा आणि चक्क वीस पैलूंचाही निघाला. मी वीस पैलूंचा फासा हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसलो. गणिताच्या माणसाला असलं काही मिळालं की त्याला चहाची आठवण राहत नाही.

या खेळाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो : तू किल्ल्याच्या दाराशी आहेस, पहारेकऱ्याचा डोळा लागलाय, काय करतोस? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. प्रत्येक पात्राला जिवाचे काही गुण असतात. घाव बसला की ते कमी होतात, शून्यावर आले की पात्र संपलं. आणि कोणत्या हत्याराने किती गुण कमी व्हायचे, याचा एक तक्ता असतो. आजची माझी सगळी गोष्ट या तक्त्याची आहे.

कारण त्या रात्री भांडण लागलं ते याच तक्त्यावरून. खंजिराला चार पैलूंचा फासा आणि तलवारीला आठ पैलूंचा. माझा पुतण्या म्हणाला, बरोबरच आहे, तलवार मोठी असते. त्याची अमरावतीची वर्गमैत्रीण म्हणाली, मग खंजीर घेईल कोण? सगळे तलवारच घेतील. चौघं खेळणार आणि चौघांच्या हातात एकच हत्यार. त्यात गंमत काय उरली?

मी मध्ये पडलो. चार पैलूंच्या फाशाची सरासरी येते अडीच, आठ पैलूंच्या फाशाची साडेचार. म्हटलं, खंजीर हलका आहे, चपळ आहे, त्याला एका खेपेला दोन वार द्या. अडीच दुणे पाच. झाला की नाही समतोल? मुलं खूश झाली. पण पुतण्या गप्प बसणारा नव्हे. तो म्हणाला, काका, समोरच्याने चिलखत घातलंय आणि ते प्रत्येक घावातले दोन गुण अडवतं, मग? मी पुन्हा कागद घेतला. खंजिराच्या एका वाराची सरासरी अडीचवरून पाऊणवर आली. दोन वारांचे मिळून दीड गुण. तलवारीचे मात्र अडीचच्या वरच राहिले. म्हणजे उघड्या अंगावर खंजीर सरस आणि चिलखतावर तलवार सरस. मला वाटलं, वा, हे तर खऱ्यासारखंही झालं आणि समतोलही झाला. आपल्याला एका संध्याकाळी जमलं, मग जगाला का जमू नये?

पण श्रोतेहो, जगाला हे दोनशे वर्षांत पुरतं जमलेलं नाही. पुढे मी वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा वाद किती जुना आहे.

प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं लष्करी राज्य. तिथे १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजासाठी एक युद्धखेळ तयार केला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम छापले. खराखुरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, मध्ये एक पंच आणि फासे. बंदुका-तोफांच्या चाचण्यांतून मिळालेले आकडे त्याने तक्त्यात बसवले होते. इतक्या अंतरावरून इतक्या बंदुका झाडल्या तर समोरचे इतके पडतील, असा हिशेब. लष्कराच्या वरिष्ठांना तो इतका पटला, की अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्याचा वापर सुरू झाला.

पुढे काय झालं असेल? जे प्रत्येक सरकारी खात्यात होतं तेच झालं. तक्ते वाढत गेले. पाऊस असेल तर वेगळा आकडा, चढ असेल तर वेगळा, पलटण दमलेली असेल तर वेगळा. लढाईची पाच मिनिटं खेळायला तास जायला लागला. शेवटी १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ नावाच्या सेनानीने सुचवलं, की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा. पंच अनुभवी असेल तर परिणाम त्यालाच ठरवू द्या. म्हणजे अचूकतेसाठी जमवलेला आकड्यांचा डोंगर अचूकतेच्याच नावाने खाली ठेवला गेला.

मुलांच्या पिशवीतला खेळ मात्र अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात पहिल्यांदा सगळ्या हत्यारांना एकच सहा पैलूंचा फासा होता. खंजीर असो की भलामोठा परशू, लागला तर एक ते सहा. लोकांना ते पटेना. १९७५च्या पुरवणीत हत्यारागणिक वेगळे फासे आले. १९७८च्या पुस्तकात तर कोणतं हत्यार कोणत्या चिलखतावर किती चालतं, याचा मोठा तक्ताच छापला गेला. तो वाचला पुष्कळांनी, पण खेळताना उघडला थोड्यांनीच. त्याच वर्षी ‘रूनक्वेस्ट’ नावाचा दुसरा खेळ आला. त्यात घाव हाताला लागला की पायाला, हेही फाशाने ठरायचं आणि पहिल्याच चकमकीत तुमच्या वीराचा हात तुटू शकायचा. ज्यांना खरंपण हवं होतं ते तिकडे गेले. ज्यांना आपला वीर वर्षभर टिकवायचा होता ते इकडेच राहिले.

गायगॅक्सला लोक विचारत, की माणूस तलवारीचे दहा घाव खाऊन उभा कसा राहतो? त्याचं उत्तर मला आवडलं. तो म्हणे, जिवाचे गुण म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. त्यात कसब आलं, दैव आलं, दमसास आला. गुण कमी होणं म्हणजे दरवेळी जखम होणं नव्हे. माणूस दमतोय, त्याचं दैव संपत आलंय, असं समजा. शेवटचा घाव तेवढा खरा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, या परक्या खेळांचं आपल्याला काय? आपण आपल्याच घरात बघू. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो. खरा हत्ती काय सरळच चालतो? वजिराची गोष्ट तर त्याहून मजेची. जुन्या खेळात वजीर एकच घर तिरपा सरकायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची ताकद मिळाली. त्या काळात जगातले वजीर एकाएकी बलाढ्य झाले होते, असं नाही. खेळ रेंगाळत होता, तो झटपट व्हावा एवढंच कारण. आणि पाचशे वर्षांत कोणाची तक्रार नाही. कारण बुद्धिबळाने खरंपणाचा दावा कधी केलाच नाही. दोन्ही बाजूंना सारखीच फौज, सारखीच घरं. आता डोकं चालवा.

पण आपल्याकडे दुसराही एक खेळ आहे, वाघ-बकरी. खडूने फरशीवर रेघा मारायच्या, चिंचोके आणि खडे घ्यायचे. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. नेपाळात हाच खेळ पंचवीस बिंदूंच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या घेऊन खेळतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकरीला वाघ मारता येत नाही, कधीच नाही. बकऱ्यांनी फक्त वाघाला चहूबाजूंनी घेरायचं, त्याला हलायला जागा ठेवायची नाही. वाघ कोंडला की बकऱ्या जिंकल्या.

आमच्याच वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या गुराख्याला विचाराल, तर तो सांगेल की बकऱ्या वाघाला घेरत नसतात, वाघाचा नुसता वास आला तरी पळत सुटतात. म्हणजे खेळ खोटा आहे. पण एका बाबतीत तो पक्का खरा आहे. त्याने बकरीला दात दिलेले नाहीत. बकरी बकरीच राहिली आणि वाघ वाघच राहिला. तरीही दोन्ही बाजूंनी खेळायला मजा येते. बुद्धिबळातला समतोल सारख्या फौजांचा आहे. वाघ-बकरीत बळ सारखं नाही, पण दोघांनाही जिंकायची वाट आहे. हा फरक मी आयुष्यभर दोन्ही खेळ खेळूनही कधी मनात आणला नव्हता. तो मला का आणावा लागला, ते आता सांगतो.

आमचं आष्टी हे गाव शहीद आष्टी म्हणून ओळखलं जातं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मुंबईला ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडा झाला होता. इथले लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला. गावकरी धारातीर्थी पडले. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलं. पुढे लष्कर आलं, धरपकड झाली, खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर आवाज उठला. चिमूर-आष्टी हे जोडनाव तेव्हापासूनचं. आजही नागपंचमी आली की गावाची मान हुतात्म्यांपुढे लवते.

तर त्या दिवाळीत मुलांच्या डोक्यात आलं, की या प्रसंगावर खेळ करायचा. शाळेतल्या पोरांना इतिहास पाठ करायला लावण्यापेक्षा खेळायला लावू. खरं सांगतो, मला आधी राग आला. ज्या जागी माणसं मेली त्या जागेचा फाशांनी खेळ करायचा? मी नाहीच म्हणणार होतो. पण मुलं चेष्टेने बोलत नव्हती. त्यांनी वाचून काढलं होतं, स्मारकाजवळ जाऊन उभी राहून आली होती. म्हटलं, करा. पण करताना मी शेजारी बसणार.

पहिला डाव पुतण्याच्या नियमांचा, ‘खऱ्यासारखा’. बंदुकीची गोळी लागली की पात्र संपलं. काठीला आधी जवळ जावं लागतं आणि जवळ जाईपर्यंत गोळी थांबत नाही. गल्लीतली चार पोरं गावकरी झाली. पहिल्या दहा मिनिटांत तिघं बाद. ती ओसरीवर जाऊन चिवडा खात बसली. आठवीतलं एक पोरगं मला म्हणालं, गुरुजी, मी काहीच केलं नाही, नुसता मेलो. नियमात एकही चूक नव्हती. पण त्या पोराने नागपंचमीबद्दल काय शिकलं? पुढे गेलं की मरतो, एवढंच. उद्या त्याला पुन्हा खेळायला बसवलं असतं, तर ते घरातून बाहेरच पडलं नसतं.

दुसरा डाव अमरावतीच्या मुलीच्या नियमांचा, ‘समतोल’. तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. अशा आखाड्यांच्या गावात वाढलेल्या मुलीला काठी म्हणजे काय ते ठाऊक असतं. ती स्वतः लाठी फिरवायला शिकलेली. ती म्हणाली, शिकलेल्या हातातली काठी आणि गुरामागची काठी एकच धरता तुम्ही. तिने काठीला जास्त गुण दिले. बंदुकीला गोळी भरायचा वेळ लावला, नेम चुकायची शक्यता वाढवली. सरासरी काढून मीच तिला आकडे जुळवून दिले. काठी आणि बंदूक बरोबरीला आली. डाव रंगला. पोरं ओरडत होती, टाळ्या देत होती. दोन्ही बाजू अटीतटीला आल्या आणि गावकऱ्यांनी ठाणं जिंकलं. आठवीतलं पोरगं म्हणालं, अजून एकदा!

आमच्या शेजारी एक आबाजी राहतात. नव्वदी गाठलेली. ऐकायला कमी येतं, पण दिसतं स्वच्छ. गलबला ऐकून काठी टेकत आले आणि खाटेवर बसले. काय चाललंय ते पुतण्याने त्यांच्या कानाशी जाऊन समजावलं. आबाजींनी तक्ता हातात घेतला, लांब धरला. मग विचारलं, “काठीले किती?” पुतण्याने सांगितलं. “आन् बंदुकीले?” तेही सांगितलं. आबाजी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “काठी आन् बंदूक बराबर? मंग थे मेले कायले रे?”

श्रोतेहो, तिथे कोणी काही बोललं नाही. आकडे मी जुळवलेले होते. मी शाळेत चाळीस-चाळीस पोरांच्या वह्या तपासल्या, पण माझ्या गणिताची चूक इतक्या कमी शब्दांत मला कोणी दाखवली नव्हती. काठी बंदुकीच्या तोडीची असती, तर ठाण्यावर जाण्यात धाडस ते काय होतं? दोन टोळ्यांची मारामारी झाली असती. ते लोक गेले, त्यांच्याकडे बंदूक नाही हे माहीत असून गेले, हाच तर त्या दिवसाचा अर्थ. आमच्या समतोलाने तो अर्थ पुसून टाकला. आणि पहिल्या डावाने? त्याने बंदूक खरी ठेवली, पण माणूस खोटा केला. त्या डावात पुढे जाणारा प्रत्येकजण नुसता मूर्ख ठरत होता.

त्या काळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज या भागात भजनांतून लोकांना जागं करत होते. झाडाझुडपांची शस्त्रं होतील, दगडांचे बॉम्ब होतील, अशा आशयाचं त्यांचं भजन प्रसिद्ध आहे. आता दगडाचा बॉम्ब होत नाही, हे गाणाऱ्याला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. तो हत्यारांचा तक्ता नव्हता. दगड उचलणाऱ्या हाताची भीती जावी, यासाठी ते होतं. आमच्या तक्त्यात दगडाला गुण होते, पण भीतीला रकाना नव्हता.

रात्री झोप येईना, म्हणून मी प्रतापगडाचा विचार करत पडलो. १० नोव्हेंबर १६५९. शिवाजी महाराज आणि अफझलखानाची भेट. आमच्या तक्त्यात वाघनखं घातली असती, तर किती गुण दिले असते? बोटाएवढं ते हत्यार. सगळ्यांत लहान फासा मिळाला असता. समोर धिप्पाड खान आणि त्याच्याजवळ कट्यार. तक्त्याप्रमाणे निकाल उघड होता. पण महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. भेटीची जागा स्वतः निवडली होती. खान दगा करील हे आधीच जोखलं होतं. आणि मिठी मारण्याइतक्या अंतरावर तलवार उपसायलाच जागा नसते. तिथे वाघनखं तलवारीहून मोठी ठरली. बळ नखांत नव्हतं, ते त्या अंतरात आणि त्या तयारीत होतं. तसाच मराठ्यांच्या घोडदळाचा भाला. या खेळांच्या तक्त्यात भाल्याला तलवारीपेक्षा लहान फासा असतो. पण धावत्या घोड्यावरून समोरच्याची तलवार पोचायच्या आत भाला पोचलेला असतो, हे फाशाला कसं कळावं?

म्हणजे खरेपणाच्या नावाने आपण जे मोजतो, ते बहुतेक वेळा लोखंडाचं वजन असतं. अंतर, वेळ, गाफीलपणा, भीती आणि माणसं किती, या गोष्टी त्याहून खऱ्या असतात आणि त्याच तक्त्याबाहेर राहतात.

सकाळी मी मुलांना वाघ-बकरीची आठवण करून दिली. म्हटलं, बकरीला दात देऊ नका. तिला जिंकायची दुसरी वाट द्या.

मग चार दिवस बसून तिसरा नियम तयार झाला. बंदूक पुन्हा बंदूक झाली. गोळी लागली की पात्र संपलं, त्यात सूट नाही. काठीचे वाढवलेले गुण मी स्वतः खोडले. पण गावकऱ्यांचं उद्दिष्ट बदललं. पोलिसांना मारणं हे जिंकणं नाही, झेंडा ठाण्यावर पोचणं हे जिंकणं. झेंडा एकाच्या हातून पडला, तर दुसरा उचलू शकतो. कोणी जखमींना उचलून मागे आणू शकतो, कोणी बोलणी करू शकतो, कोणी परत फिरू शकतो. परत फिरणाऱ्याला कमी लेखायचं नाही, हे नियमात लिहून ठेवलं. ज्याचं पात्र संपलं त्याने ओसरीवर जायचं नाही. त्याने गर्दीतला पुढचा माणूस व्हायचं. मात्र गेलेल्या पात्राचं नाव पटाशेजारच्या पाटीवर लिहायचं आणि ते पुसायचं नाही. खऱ्या हुतात्म्यांची नावं खेळात कुठेही घ्यायची नाहीत, हीही एक अट होती. ती माझी.

पोलिसांच्या बाजूने खेळणाऱ्यालाही माणूस केलं. तोही पगारावरचा, त्यालाही घर. गोळी झाडायची की नाही, हे प्रत्येक फेरीला त्याने तोंडाने सांगायचं. नुसता फासा टाकून चालणार नाही. एका डावात दहावीतला मुलगा पोलीस झाला होता. तिसऱ्या फेरीला त्याला “झाडतो” हा शब्द उच्चारायला इतका वेळ लागला, की बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले.

आणि शेवटी एक फेरी वाढवली, बिनफाशांची. झेंडा चढला तरी खेळ तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवसापासून पुढचं सूत्रधार वाचून दाखवतो : लष्कर, धरपकड, खटले, शिक्षा. हत्याराची किंमत घावाच्या रकान्यात संपत नाही. ती मागाहूनही वसूल होत राहते, ज्यांनी हातही उचलला नव्हता त्यांच्याकडूनसुद्धा. पोरांना ही फेरी आवडत नाही. पण ती चालू असताना कोणी उठूनही जात नाही.

हा खेळ समतोल आहे का? मोजून बघितलं तर नाही. झेंडा पोचतो कधी, नाही कधी. पण प्रत्येक पोराला प्रत्येक फेरीत विचार करावा लागतो आणि त्याच्या विचाराने पुढे काहीतरी बदलतं. माझ्या मते खेळातला समतोल म्हणतात तो एवढाच. हत्यारं बरोबरीची असायची गरज नसते, खेळणाऱ्याला काहीतरी ठरवता आलं पाहिजे. आणि खरेपणाचं म्हणाल, तर खेळाला सगळंच खरं ठेवता येत नाही. प्रशियाच्या अधिकाऱ्यांना साधलं नाही ते आपल्याला काय साधणार! कोणती एक गोष्ट खोटी होऊ द्यायची नाही, तेवढं आधी ठरवावं. राक्षसांच्या गुहेतला खेळ असेल, तर खुशाल खंजिराला दोन वार द्या, मीही देतो. पण आष्टीच्या खेळात बंदूक हलकी करायची नाही.

पुढच्या नागपंचमीच्या आधी आम्ही आबाजींना पुन्हा बोलावलं. ते पूर्ण डावभर बसले. पाटीवरची नावं वाढत होती, तशी ती वाचून घेत होते. डाव संपला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, बरं-वाईट. त्यांनी पटावर बोट फिरवलं. ही गल्ली, हे ठाणं, हा रस्ता. मग विचारलं, “मी कोठी आहो याच्यात?”

१९४२ साली आबाजी सात-आठ वर्षांचे होते. आवाज झाला तेव्हा आईने त्यांना ओढून घरात नेलं आणि कडी लावली, एवढंच त्यांना आठवतं. दाराच्या फटीतून दिसले ते धावणारे पाय. आमच्या पटावर गावकरी होते, पोलीस होते, झेंडा होता. घरातल्या पोराची सोंगटी नव्हती. ती करायचं आमच्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

अमरावतीच्या मुलीने शिवणाच्या डब्यातून सदऱ्याचं एक बटण आणलं आणि आबाजींनी दाखवलेल्या घरावर ठेवलं. पुतण्याने सवयीने विचारलं, याला नियम काय? आबाजी म्हणाले, “काही नाई. थो पायते.” म्हणजे तो बघतो.

तेव्हापासून ते बटण पटावर असतं. त्याला फासा नाही, हत्यार नाही, त्याची पाळी येत नाही. डाव मांडताना पोरं सगळ्यात आधी तेच ठेवतात.